राउटरचं ‘ऑटो’ आणि लाईट आल्यानंतरची दोन मिनिटं



आज द्राक्षाचं नाही, वायफायचं लिहितोय. शेवटी गाडी द्राक्षावरच येते, त्यामुळे पेज बदललं असं समजू नका.

गोडी छाटणीचा पंचविसावा दिवस. घड बाहेर पडलेले. पाऊस गेला म्हणता म्हणता दोन सरी येऊन गेल्या, वर पहाटेचं दव. या दिवसांत डाऊनीचं गणित पान किती तास ओलं राहिलं यावर चालतं, हे द्राक्षवाल्याला सांगायला नको. त्याचसाठी प्लॉटच्या वरच्या कोपऱ्यात हवामानाचा डबा बसवलाय. पानाचा ओलावा, तापमान, आर्द्रता, पाऊस. दर पंधरा मिनिटांनी आकडे घरच्या वायफायवरून वर जातात आणि मोबाईलवर दिसतात.

मंगळवारी रात्री डीपीवर काहीतरी उडालं. लाईट आली ती पहाटे पावणेतीनला. सकाळी बघतो तर डब्याचा शेवटचा आकडा रात्री अकराचा. वाटलं बॅटरी गेली असेल. बुधवारी शिडी लावून बॅटरी तपासली, ठणठणीत. गुरुवारी दुकानदाराला फोन केला. शुक्रवारी दुपारी कळलं की राउटर ‘ऑटो’वर होता आणि लाईट आल्यावर त्याने आपल्या मनाने तेरावा चॅनल धरला होता. डबा बाहेरदेशीच्या बाजारासाठी बनलेला, तो अकराच्या पुढे ऐकतच नाही. घरातले मोबाईल तेरावर चालत होते, टीव्ही चालत होता, म्हणून घरात कुणाला पत्ता नाही. रानातला डबा मात्र तीन रात्री हाका मारत बसला. त्याच तीन रात्री पान ओलं होतं. फवारणी उशिरा पडली, आणि दीड एकरात घडावर डाऊनी दिसला. किती गेलं ते इथे लिहीत नाही, घरच्यांनी वाचलं तर पुन्हा विषय निघेल.

दुकानदाराचं म्हणणं ऐका. “ऑटोवर आहे ना दादा, मग राउटर बरोबरच आहे. सिग्नल कमी पडत असेल, बूस्टर टाका.” आणि पुण्यात आयटीत असलेला पुतण्या फोनवर काय म्हणतो, “काका, हाताने चॅनल लावणं म्हणजे बैलगाडी. मशीनला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

या दोघांशीच माझं भांडण आहे. ‘ऑटो’ लिहिलं की आत कुणी शहाणा बसलाय असं आपण धरून चालतो. तो आत नेमकं काय करतो ते मी गेले दीड महिने जमेल तसं वाचलं, तपासलं, रानात फिरून मोजलं. माझं मत असं झालंय की खेड्यात, वस्तीवर, शेताच्या कामासाठी ‘ऑटो’ चॅनल म्हणजे आपली जबाबदारी आंधळ्याच्या गळ्यात बांधणं. आंधळा वाईट नाही. पण त्याला वाट विचारणाऱ्याचं काय म्हणायचं?

आधी चॅनल म्हणजे काय ते बघू, दोन ओळीत. आपल्या शेतातली बहुतेक स्वस्त यंत्रं, म्हणजे ड्रिपचा कंट्रोलर, कॅमेरा, मोटरचा मोबाईल स्टार्टर, २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. हा पट्टा आपल्याकडे २००५ साली विनापरवाना खुला झाला, २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत. त्यात तेरा चॅनल आखलेत. दोन चॅनलांच्या मध्यात अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, पण एका बोलण्याला लागतात २०. म्हणजे वाफे तेरा आखले, पण एका वाफ्यात लावलेला वेल चार वाफे पसरतो. म्हणून एकमेकांच्या अंगावर न जाता बसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तेरा दिसतात, जागा तिघांची आहे.

आता महत्त्वाचं. दोन राउटर एकाच चॅनलवर असले तर ते भांडत नाहीत, पाळी लावतात. एक बोलत असला की दुसरा थांबतो, मग थोडा वेळ नशिबावर सोडून बोलतो. कॅनॉलच्या पाणीपाळीसारखं. वेग कमी होतो, पण पाणी पोचतं. तेच एक राउटर १ वर आणि दुसरा ३ वर असला तर त्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. ओळखीचं बोलणं असेल तर राउटर अगदी बारीक आवाजालाही थांबतो. नुसता गोंगाट असेल तर तो साधारण शंभरपट ताकदीचा असल्याशिवाय थांबत नाही. मग दोघं एकदम बोलतात आणि दोघांचं वाया जातं. ही पाणीपाळी नाही, हा फुटलेला बांध. म्हणून “तीनवर कुणीच नाही, तिथे बसू” हा शहाणपणा नसून शेजाऱ्याच्या दोन्ही बांधांवर नांगर घालणं आहे. हे करणारे राउटर मी डोळ्यांनी बघितलेत, आणि हाताने ३ किंवा ९ लावून “रिकामा सापडला” म्हणणारी माणसंही.

मग ऑटो कसं ठरवतो? प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, बऱ्याच जणी सांगतही नाहीत. पण लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच राउटरांत होस्टएपीडी नावाचा मुक्त प्रोग्रॅम असतो, आणि त्याची रीत उघडी आहे, कुणीही वाचावी. तो चालू होताना एकेका चॅनलवर जाऊन कानोसा घेतो, मुळात पाच फेऱ्या. प्रत्येक चॅनलवर किती वेळ ऐकलं, त्यातला किती वेळ हवा भरलेली होती, आणि मागचा सततचा गोंगाट किती, यावरून अडथळ्याचा एक आकडा काढतो. शेजारच्या चॅनलांचा त्रासही त्यात धरतो. मग १, ६ आणि ११ च्या आकड्याला ०.८ ने गुणतो, म्हणजे या तिघांना थोडं झुकतं माप देतो. ज्याचा आकडा सर्वांत कमी, तो चॅनल धरतो. झुकतं माप द्यायची ही रीत मला आवडली. ती ठेवणाऱ्याला बांध म्हणजे काय ते माहीत होतं. पण सगळ्या राउटरांत ती असेल याची खात्री नाही. माझा तेरावर गेला, यातच काय ते आलं.

रीत चांगली असली तरी चार ठिकाणी ती आपल्याकडे मार खाते.

पहिलं ठिकाण लाईट. शहरातला राउटर महिनोन्‌महिने चालू असतो. आपल्याकडचा आठवड्यातून चारदा मरतो आणि उठतो. आणि एकटा उठत नाही, डीपीवरचे सगळे एकाच क्षणाला उठतात. आमच्या वस्तीवर एकाच केबलवाल्याने एकाच मॉडेलचे डबे बसवलेत. लाईट आली की सगळे एकाच वेळी कानोसा घेतात. त्या मिनिटाला कुणीच बोलत नसतं, कारण सगळेच ऐकत असतात! प्रत्येकाला सगळं रान मोकळं दिसतं. सारखाच डबा, सारखाच हिशोब, मग उत्तरही सारखंच. सगळे जाऊन एकाच चॅनलवर बसतात आणि दुसरे दोन ओस. आमच्याकडे लाईट आल्यावर मी फोन घेऊन अंगणात उभा राहून हे तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा सातातले पाच डबे १ वर. माझा जुना राउटर उठायला मिनिटभर जास्त घेतो. तोवर १ भरलेला, म्हणून तो पळत पळत पार तेराच्या टोकाला गेला. त्याच्या हिशोबाने तो शहाणाच वागला.

हे टाळणं अवघड आहे का? लाईट आल्यावर प्रत्येक राउटरने मनाला येईल तेवढा वेळ थांबून मग कानोसा घ्यावा, कुणी दहा सेकंद, कुणी तीन मिनिटं. किंवा सरळ कालचा चॅनल लक्षात ठेवून त्यावरच उठावं. एक-दोन ओळींचं काम. पण ज्यांच्या टेबलावरची लाईट कधी जात नाही त्यांना हा प्रश्न पडतच नसावा.

दुसरं, वेळ. पहाटे पावणेतीनला वस्तीवर कोण व्हिडिओ बघतो? हवा रिकामीच असणार. संध्याकाळी सात ते दहा मालिका, क्रिकेट, पोरांचे रील, तेव्हा खरी गर्दी. ऑटोने पहाटेची हवा मोजून संध्याकाळचा चॅनल ठरवला. बुधवारच्या बाजाराची गर्दी मंगळवारी मैदानावर जाऊन मोजायची, त्यातला प्रकार. काही राउटर मधूनमधून पुन्हा मोजतात हे खरं. पण रेडिओ एकच असला तर दुसऱ्या चॅनलवर कान लावायला त्याला आपला चॅनल सोडून जावं लागतं. प्रत्येक राउटर साधारण सेकंदाला दहा वेळा “मी इथे आहे” अशी हाक मारतो, म्हणून दुसऱ्याची हाक नक्की ऐकायची तर एकेका चॅनलवर सेकंदाचा दहावा हिस्सा थांबावं लागतं. तेरा चॅनलांची एक फेरी म्हणजे सव्वा सेकंदापेक्षा जास्त. तेवढा वेळ घरचे वाऱ्यावर. म्हणून स्वस्त राउटर ही फेरी क्वचित मारतो किंवा मारतच नाही.

त्या हाकेवरून आठवलं. जुन्या यंत्रांना कळावं म्हणून बरेच राउटर ही हाक सगळ्यात मंद वेगाने मारतात, सेकंदाला १ मेगाबिट. एका हाकेला दोन-अडीच मिलिसेकंद जातात. सेकंदाला दहा हाका म्हणजे हवेचा दोन-अडीच टक्के वेळ, काही न पाठवता. आता काही डब्यांतून पाहुण्यांसाठी वेगळं नाव, पोरांसाठी वेगळं नाव, अशी तीन-तीन नावं निघतात. प्रत्येक नावाची हाक वेगळी. एका चॅनलवर दहा नावं झाली की हवेचा पाचवा ते पाव हिस्सा नुसता “मी इथे आहे” म्हणण्यात संपला. ग्रामसभेत हजेरीच दोन तास चालावी तसं. नको ती नावं बंद करा, फुकटचा फायदा आहे.

तिसरं ठिकाण माझ्या मते सगळ्यात मोठं, आणि दुकानदार त्यावर कधीच बोलत नाही. राउटर ऐकतो कुठून? घराच्या पत्र्याखालून. आणि डबा ऐकतो कुठून? अडीचशे मीटरवर, वरच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याच्या पलीकडे शेजाऱ्यांची पोल्ट्री आहे, तिथे चार कॅमेरे आणि त्यांचा राउटर. घरच्या राउटरला पोल्ट्री ऐकूच येत नाही, मध्ये घर, झाडं, आणि पानावर आलेली बाग. (पानातलं पाणी हे सिग्नल चांगलंच खातं. छाटणीनंतर बाग उघडी असते तेव्हा डबा खुशीत, पाला भरला की कुरकुर.) म्हणजे घरच्या राउटरने पोल्ट्रीचाच चॅनल “एकदम रिकामा” म्हणून निवडला तर तो स्वतःच्या कानाशी प्रामाणिक आहे. पण डब्यासाठी तो चॅनल म्हणजे लग्नाच्या डीजेशेजारी बसून निरोप सांगणं. यावरही उपाय निघालाय. २००८ च्या एका मानकात राउटरने यंत्रांनाच विचारायची सोय आहे, “तुला तिथे काय ऐकू येतं?” मोबाईल उत्तर देतात. शेतातले स्वस्त डबे उत्तर देत नाहीत. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त त्रास, त्याचंच मत नाही.

चौथं ठिकाण म्हणजे चॅनल बदलण्याचीच किंमत. राउटर चॅनल बदलताना “मी अमुकवर चाललो” अशी सूचना देऊ शकतो. समजूतदार मोबाईल मागोमाग जातो. स्वस्त डबा तुटतो, पुन्हा सगळे चॅनल शोधत बसतो, बॅटरी खातो, आणि कधीकधी अडकूनच बसतो, मग शिडी घेऊन आपण. थोडा जास्त चांगला चॅनल मिळावा म्हणून रात्रीतून तीनदा हलणाऱ्या राउटरपेक्षा मध्यम चॅनलवर वर्षभर घट्ट बसलेला राउटर शेतकऱ्याला परवडतो. मोटर बंद करायचा निरोप वेळेवर पोचला पाहिजे, वेगाचं बक्षीस नको आहे आपल्याला.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, आमच्या ऑफिसात तीसेक राउटर आहेत, सगळे ऑटोवर, काही त्रास नाही.” बरोबर आहे त्याचं, आणि ते मी मान्य केलं. तिथे सगळ्या राउटरांवर एकच मालक आहे. एक कंट्रोलर तिसांच्या कानांनी ऐकतो, सिस्कोचा असेल तर मुळात दर दहा मिनिटांनी सगळ्यांचा हिशोब एकत्र करतो आणि कोणी कुठे बसायचं ते वाटून देतो. काहींमध्ये फक्त कानोसा घ्यायला वेगळा रेडिओ असतो. तिथे ऑटो म्हणजे पाटकरी. पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धत होती, त्यात पाणी कुणी किती घ्यायचं ते पाटकरी सांगायचा, प्रत्येक शेतकऱ्याने आपापल्या मनाने दार उघडायचं नाही. वस्तीवर सात घरांत सात राउटर, सातांचे मालक वेगळे, प्रत्येक आपल्यापुरता शहाणा. त्याला ऑटो म्हणा, मी तरी पाटकरी म्हणणार नाही.

यावर पुतण्या म्हणाला, “मग ५ गिगाहर्ट्झवर जा ना, तिथे जागाच जागा.” आणि इथे मला खरा राग आहे, तो पुतण्यावर नाही.

५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ साली विनापरवाना झाला. घर ते रान अशी छत्रीवाली लिंक टाकायला तो उत्तम, मध्ये झाड नसेल तर. पण त्यातल्या मधल्या चॅनलांवर, ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, आपल्या आधीचा वहिवाटदार आहे: रडार. म्हणून जगभर तिथे एक शिस्त ठरली, तिला डीएफएस म्हणतात. चॅनल धरण्याआधी राउटरने पूर्ण ६० सेकंद गप्प बसून रडारची टिकटिक ऐकायची. चालू असताना रडार ऐकू आलं तर दहा सेकंदात चॅनल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या भागात ६० सेकंदही पुरत नाहीत, दहा मिनिटं ऐकावं लागतं. कारण त्या भागात हवामानाची रडारं असतात.

हवामानाची. पाऊस, गारा, वादळ बघणारी.

प्युर्टो रिकोच्या सॅन हुआन विमानतळाजवळचं हवामान रडार २००९ च्या सुमारास याच कारणाने त्रस्त झालं होतं. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी लिंक टाकल्या होत्या, काहींत ही रडार ऐकण्याची सोय बंद होती किंवा यंत्राला देशच भलता सांगितलेला होता. रडारच्या चित्रावर पावसासारख्या खोट्या रेषा उठायला लागल्या. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने शोधत जाऊन दंड केले. आपल्याकडेही हवामान खात्याची काही रडारं याच सी-बँडात आहेत, मुंबईत वेरावलीचं त्यातलंच.

आणि आपल्याकडे लिंक बसवायला येणारा पोरगा काय करतो? “दादा, यात देश दुसरा टाकतो, पॉवर जास्त मिळते आणि ते मिनिटभर थांबायचं झंझटही जातं.” माझ्यासमोर म्हणाला. मी नको म्हटलं तर हसला. मार्चमध्ये गारपीट झाली की हवामान खात्याला शिव्या द्यायला आपण सगळ्यात पुढे. अंदाज चुकला, आधी सांगितलं नाही, कशाला पोसता यांना. आणि आपल्याच घरावर, पाचशे रुपयांची जास्त पॉवर मिळावी म्हणून, त्या रडारच्या डोळ्यात माती टाकणारं यंत्र बसवून घ्यायचं? महाराष्ट्रातलं एखादं रडार यामुळे चुकलं असं मी म्हणत नाही. पण बिबट्या आल्यावरच कुंपण करायचं का? तुमच्या लिंकवर कुणी देश बदलला असेल तर आजच भारत करून घ्या. आणि रडार ऐकून लिंक मिनिटभर थांबते म्हणून तक्रार करू नका, ते यंत्र नीट चालल्याचं लक्षण आहे.

आता बूस्टरवाल्याकडे. दुकानदाराचा बूस्टर जे ऐकतो तेच बहुतेक वेळा त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. म्हणजे एका निरोपाला दोनदा हवा लागते. भरलेल्या चॅनलवर बूस्टर टाकणं म्हणजे अडलेल्या रस्त्यावर आणखी एक ट्रॅक्टर घालणं. माझा डबा तेरावा चॅनल ऐकतच नव्हता, त्याला बूस्टरने तेरावाच मोठ्याने ऐकवला असता. विकणाऱ्याला ऐकणं विकता येत नाही, म्हणून तो ताकद विकतो.

‘जलद’ म्हणून ४० मेगाहर्ट्झ लावून देणारे आणखी एक. २.४ च्या पट्ट्यात ४० म्हणजे तीनपैकी दोन जागा एकट्याने. आपल्या डब्यांना त्याचा काडीचा फायदा नाही. २० ठेवा.

आम्ही काय केलं ते सांगतो. मोठं काही नाही. संध्याकाळी आठला फोनवर वायफाय बघायचं ॲप घेऊन वस्तीत आणि रानात फिरलो, घरातून नाही, डबा जिथे आहे तिथून. (अँड्रॉइड फोन ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा नवीन कानोसा घेऊ देतो, म्हणून प्रत्येक जागी थोडं थांबा, घाईत जुनीच यादी दिसते.) ॲप राउटर दाखवतं, त्यांची गर्दी दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. चार झोपलेले राउटर परवडतात, चार कॅमेरे पाठवणारा एक परवडत नाही. कागदावर वस्तीचा नकाशा काढला. मग रविवारी पारावर सगळ्यांना बसवलं. वरच्या अंगाची दोन घरं १ वर, मधली तिघं ६ वर, रस्त्याकडचं एक ११ वर. पोल्ट्रीही ११ वर राहावी असं ठरवलं, ती रस्त्याच्या घरापासून लांब आहे, आणि माझा डबा ६ वर येतो. सगळ्यांचं ऑटो बंद, सगळ्यांचं २०. अर्धा तास लागला, त्यातला वीस मिनिटं राउटरचे पासवर्ड शोधण्यात गेला.

एक जण म्हणाला, “माझा राउटर, माझं घर, मी कुठलाही चॅनल लावीन.” कायद्याने त्याचं बरोबर आहे, विनापरवाना म्हणजे कुणालाच हक्काचं संरक्षण नाही. पण हवा कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, आणि पाटाला कडेला घर आहे म्हणून सगळं पाणी आपलं होत नाही. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी पोराकरवी निरोप पाठवला, की ६ लावलंय.

केबलवाल्यालाही सांगितलंय की नवीन डबा बसवताना ऑटोवर सोडू नको, आधी कागद बघ. तो म्हणाला कंपनीकडून तसाच येतो. येऊ दे. ड्रिपही कंपनीकडून गुंडाळी करून येते, आपण ती तशीच रानात टाकतो का?

राउटर बनवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. लाईट आल्यावर थोडं थांबा. कालचा चॅनल लक्षात ठेवा. चॅनल बदललात तर कधी आणि कशामुळे ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे बुधवारी शिडी लावायच्या आधी मी ती ओळ वाचीन. आणि १, ६, ११ सोडून जायचं असेल तर मालकाला विचारा.

परवा रात्री पुन्हा लाईट गेली, साडेतीनला आली. मी उठून बसलो होतो. पाच मिनिटांत डब्याचा आकडा आला: पान ओलं, १९ अंश. सकाळी पंप भरला. पोल्ट्रीवाल्यांचा राउटर मात्र अजून ऑटोवरच आहे, त्यांचा पासवर्ड ज्या पोराने लावला तो सुरतेला गेलाय. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातोय, मागच्या बाजूचं रिसेटचं बारीक भोक सुईने दाबून बघतो.